घ्या सगळंच!

‘तिथंच आहे ना, घे की!’ हे ज्यांचं ब्रीद आहे अशा आळशांची सर्वांत मोठी सेवा कुणी केली असेल, तर ती वेब फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी.

वेबपान हल्ली एकसंध लिहीत नाहीत. वरची पट्टी, वस्तूचं कार्ड, ग्राहकाचा पत्ता असे तुकडे वेगळ्या फायलींत ठेवतात आणि लागेल तिथं जोडतात. या तुकड्याला म्हणायचं पार्शल. एकदा लिहा, दहा पानांवर वापरा, असा उदात्त हेतू. प्रश्न एवढाच, की पार्शलला लागणारा डेटा त्याला द्यायचा कसा?

रेल्स हे फ्रेमवर्क म्हणालं, कंट्रोलरमध्ये, म्हणजे पानासाठी डेटा गोळा करणाऱ्या कोडमध्ये, नावाआधी ‘ॲट’चं चिन्ह लावा, मग ते व्हेरिएबल पानालाही दिसेल आणि झाडून सगळ्या पार्शलनाही. लाराव्हेलच्या ‘इन्क्लूड’नं मूळ पानाकडं होतं नव्हतं ते सगळं तुकड्याच्या ओटीत घातलं. जँगोनं अख्खा कॉन्टेक्स्टच, म्हणजे पानाचा सगळा डेटाच, हवाली केला. सोसायटीच्या सामायिक टाकीसारखी ही सोय: पाणी सगळ्यांच्या नळाला येतं, टाकी कोण भरतं याची चौकशी मात्र ती कोरडी पडल्यावरच होते. कंट्रोलरमध्ये कुणीतरी एका व्हेरिएबलचं नाव सुधारतो आणि त्यानं कधी उघडलंही नाही असं पान बिघडतं.

जँगोचा सुसंस्कृतपणा तर विचारूच नका. टेम्प्लेटमध्ये छापायचं व्हेरिएबल सापडलं नाही, तर तो ओरडत नाही. गुपचूप रिकामी जागा छापतो. ‘एकूण देय रक्कम : ₹’ आणि पुढं शांतता. ग्राहक खूश.

मायक्रोसॉफ्टनं 2011 साली आपल्या एमव्हीसी 3 या फ्रेमवर्कमध्ये व्ह्यूबॅग आणली. तिच्यात काहीही कोंबा, कोणत्याही नावानं काढा. नावाचं स्पेलिंग चुकलं तरी कंपाइलर चकार शब्द काढत नाही. खरी गंमत पुढं आहे. पार्शलला मॉडेल म्हणून, म्हणजे दाखवायचा डेटा म्हणून, ‘नल’ दिलं, तर जुनं एमव्हीसी समजतं की तुम्ही काही दिलंच नाही, आणि मोठ्या मनानं मूळ पानाचं मॉडेल त्याच्या हातात ठेवतं. म्हणजे ग्राहकानं पत्ता भरला नसेल, तर पत्त्याच्या पार्शलला अख्खा ग्राहकच मिळतो. प्रकार जुळत नाही, पान कोसळतं. टेस्टिंग करताना सगळ्या ग्राहकांना पत्ते असतात, त्यामुळं हा साक्षात्कार थेट प्रॉडक्शनवर होतो.

उपाय नाहीत असं नाही. जँगोत 2011 पासून ‘ओन्ली’ लिहिता येतं: एवढंच दे, बाकी काही नको. लाराव्हेलचा कंपोनंट आपल्याला दिलेल्यावरच भागवतो. रेल्समध्येही व्हेरिएबल हातानं द्यायची सोय जुनीच. पण मला काय लागतं हे पार्शलनं स्वतःच्याच फायलीत जाहीर करायचं, आणि ते मिळालं नाही तर पान जागीच थांबवायचं, ही शिस्त यायला 2023 चं रेल्स 7.1 उजाडलं. रेल्सचा जन्म 2004 चा. एकोणीस वर्षं सगळे मनकवडेपणावर चालले होते.

यावर ठरलेली कुरकुर येते: ‘अकरा व्हेरिएबल हातानं लिहीत बसायची?’ अहो, ज्या तुकड्याला अकरा गोष्टी लागतात तो तुकडा नव्हेच, ते दुसऱ्या पानात लपवलेलं पान आहे. लिहायचा कंटाळा येतो, तो त्याचाच पुरावा.

तेव्हा उद्या कामावर गेलात की तुमचं लाडकं पार्शल एका कोऱ्या पानावर ठेवा. त्याला काहीही देऊ नका. ते कुठं कुठं अडतं आणि कुठं रिकामं राहतं, ते टिपा. तेवढंच त्याच्या पहिल्या ओळीत लिहा आणि तेवढंच त्याला द्या. यादी एका ओळीत मावली नाही, तर पार्शल फोडा.