चांदोलीचे कारभारी

गावोगाव एक तरी गृहस्थ असा आढळतो, की ज्याच्या पायांना चालण्याचा सराव बेताचाच, परंतु ज्याच्या दप्तरात सह्याद्रीची एकही घाटवाट नोंदल्यावाचून राहिलेली नाही. सदलग्यात हा मान ज्यांच्याकडे आहे त्यांना लहानथोर सारे 'अण्णा' म्हणतात. चिकोडीच्या कचेरीत उभी हयात कारकुनीत घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी चांदोली राष्ट्रीय उद्यानात पायी भ्रमंती करण्याचा बेत जो हाती घेतला, तो अद्याप हातावेगळा झालेला नाही. आणि व्हावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे, असे मानण्यास मला तरी पुरावा सापडलेला नाही.

सदलगा म्हणजे सपाट काळ्या जमिनीचा मुलूख. घराच्या माडीवर उभे राहिले तरी ऊस आणि आभाळ यांच्या मधे तिसरे काही दृष्टीस पडत नाही. तरीही डोंगरावर आपला वहिवाटीचा हक्क आहे, असे अण्णांचे म्हणणे. कारण गावाशेजारून वाहणारी दूधगंगा सह्याद्रीत उगम पावून, काळम्मावाडीच्या धरणात विसावा घेऊन मग आपल्याकडे येते, आणि पाणी जर इतक्या लांबून आपल्या भेटीस येत असेल तर परतभेट देणे शिष्टाचारास धरून आहे. मग त्याच बाजूच्या दाजीपूरच्या रानात गवे पाहून का येत नाही, असे कोणी विचारले की अण्णांच्या मुद्रेवर किंचित तुच्छतेची छटा उमटते. राधानगरीचे अभयारण्य १९५८ सालचे, महाराष्ट्रातील पहिले, हे त्यांना मान्य आहे. पण ते अजून अभयारण्यच राहिले आहे. चांदोलीची गोष्ट वेगळी. १९८५ साली अभयारण्य म्हणून रुजू, २००४ साली राष्ट्रीय उद्यानाच्या हुद्द्यावर बढती, २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समावेश, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर थेट जागतिक वारशाच्या यादीत नाव! ज्या मनुष्याने स्वतः एका बढतीसाठी अर्धे आयुष्य अर्ज करण्यात घालवले, त्याला असे निष्कलंक सेवापुस्तक पाहून गहिवरून येणे स्वाभाविक आहे.

या बेताची एक जाडजूड मिसल आहे. लाल फितीने बांधलेल्या त्या बासनात इचलकरंजीहून पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर असा रस्ता, वारणेवरच्या वसंतसागर जलाशयाचा हाताने काढलेला नकाशा, प्रचितगडाच्या शिडीसंबंधी एक स्वतंत्र टिपण, आणि वनखात्यास करावयाच्या अर्जाचा मसुदा आहे. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसुरात गेल्यामुळे अण्णांची नोकरी कन्नडात झाली, सबब मसुदा मराठीत असला तरी समासातले शेरे कन्नडात आहेत, आणि नदीपलीकडचे दत्तवाड महाराष्ट्रात पडत असल्याकारणाने प्रस्तुत सहलीस 'परराज्यातील दौरा' असे शीर्षक दिले आहे.

सामानाच्या यादीत भडंग, शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि बेळगावचा कुंदा यांच्याखाली 'निपाणी तंबाखू, दोन किलो' अशी एक नोंद आहे. जळू लागली असता तंबाखूचे पाणी चोळावे, हा रानातला प्रसिद्ध उपाय खरा. परंतु जळवांचा सुळसुळाट पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात उद्यान पर्यटकांस बंद! ही विसंगती कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच तंबाखू खरेदी झाली, आणि तेव्हापासून नियोजनाच्या बैठकींना हजेरी कमालीची वाढली आहे.

बैठक अण्णांच्या सोप्यात भरते. "अण्णा, जायचं कवा ते तरी ठरवूया की ओ," वखारीवरचे मामा चुना मळत विचारतात. "तारीख शेवटी पडती मामा. आधी मुद्दे तर निकालात निघू देत की," अण्णा चष्म्यावरून पाहत उत्तर देतात. मुद्दे पुष्कळ आहेत. गाभा क्षेत्रात मन मानेल तसे पायी हिंडण्यास मज्जाव असल्याने 'पायी' या कलमाचे काय करावयाचे, वाघ दिसल्यास प्रथम कोणी पाहावयाचे, काठी वेताची असावी की कळकाची. एकदा आतून काकूंचा आवाज आला, "चांदोलीचं राहू दे, गिरणीतनं दळणाचा डबा तेवढा चालत जाऊन आणा बघू." अण्णांनी तो डबा शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवरून आणवला, आणि त्याच रात्री मिसलीत नवे कलम दाखल झाले: 'ओझे वाहण्यास स्थानिक मनुष्य घेणे.'

अण्णांना नुसते आळशी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. या मुलखाचे पंचांगच त्यांच्या बाजूने साक्ष देते. पावसाळ्यात शेतकरी त्यातल्या त्यात मोकळा, तर उद्यान बंद, आणि दूधगंगेला पूर आला की मलिकवाड-दत्तवाडचा पूल पाण्याखाली. दिवाळीच्या सुमारास उद्यान उघडे असते, तोच कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि ज्याच्या उसाला तोड आलेली नाही तो मनुष्य टोळीच्या मुकादमाची वाट सोडून वाघाची वाट पाहावयास कशाला जाईल? मग तंबाखूची काढणी, मग लग्नसराई, मग ऊन, आणि मग मिरगाचे ढग. या चक्रात रिकामी फट शोधून काढण्याची हिकमत अण्णांच्या अंगी आहे. पण फट सापडली की ते नेमके तेव्हाच 'फेरतपासणी' काढतात.

मध्यंतरी गावातल्या कॉलेजातल्या चार पोरांनी तो नकाशा मागून नेला, दोन मोटारसायकलींवर पहाटे निघून चांदोली गाठली, परवान्यावर गाडीतून रान पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नकाशा परत करताना मोबाइलमधली गव्यांची छायाचित्रे अण्णांपुढे धरली. अण्णांनी ती शांतपणे पाहिली. यादीत कोणाचे नाव नव्हते, बैठकीचा ठराव नव्हता, काठी तर कोणी नेलीच नव्हती. तेव्हा सदरहू सहल नियमबाह्य असल्याचा शेरा मारून त्यांनी मिसल पुन्हा बांधली. पोरे हसली. मला मात्र अण्णांचा निर्णय तर्कशुद्ध वाटतो, कारण ती पोरे नुसती जाऊन आली होती.

वाचकांपैकी कोणास चांदोलीस जावयाचे असेल, तर पावसाळा टाळावा, ओळखपत्र जवळ बाळगावे, प्रवेशाची परवानगी आधी काढावी. आणि वाटेची चौकशी खुशाल अण्णांकडे करावी, कारण इतकी इत्थंभूत माहिती दुसरीकडे मिळणे कठीण. मात्र जाऊन आल्यावर त्यांना कळवू नये.