न आलेल्या गाड्यांचा मालक

वर्ध्यात आर्वी नाक्यावर सकाळी पोह्यांच्या ठेल्याशी उभे राहिलात, तर एक भाऊ तुम्हाला गाठणारच. वय पन्नाशीपुढचं, नोकरी सरकारी आणि निवांत, बुडाखाली एमएच ३२ पासिंगची स्कूटर आणि डोक्यात ढीगभर मोटारी. त्यांतली एकही रस्त्यावर नाही. जी गाडी प्रदर्शनात झळकली, टाळ्या घेऊन गेली आणि कारखान्यापर्यंत पोचलीच नाही, तिचा हा भक्त. बाजारात मिळणाऱ्या गाडीचं नाव काढा, तो पोह्यांवर अजून तर्री मागतो आणि विषय बदलतो.

त्याचं पुराण इचलकरंजीहून सुरू होतं. ‘मीरा पाह्यली काय तुम्ही?’ कोणी पाहिलेली नसते, त्यानेही नाही. सातवी शिकलेल्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये पहिली मीरा बांधली, सुधारत सुधारत सत्तरच्या दशकापर्यंत नेली, बारा हजारांत विकायचा बेत केला, आणि गाडी सरकारदरबारी अडकली ती अडकलीच. हे सांगताना भाऊचा चेहरा असा पडतो, की अर्ज घेऊन हाच हेलपाटे घालत होता असं वाटावं. ‘बारा हजारांत माह्या बापानं दोन घेतल्या असत्या, राजेहो!’ बाप शाळामास्तर होते, सायकलसुद्धा त्यांनी हप्त्यानं घेतली होती. पण न आलेल्या गाड्या कितीही घेता येतात.

मग टाटांचा नंबर. २००० साली जिनिव्हाला त्यांनी आरिया नावाची उघडी, दोन माणसांची गाडी मांडली. ती आली नाही, याचं दुःख भाऊ पचवू शकला असता. पण २०१० मध्ये तेच नाव लांबलचक कुटुंबवत्सल गाडीला लावलं गेलं. ‘आपल्या लेकराचं पाळण्यातलं नाव शेजाऱ्याच्या पोट्ट्याले देल्लं म्हणजे कसं वाटते?’ असं तो विचारतो. उत्तर अपेक्षित नसतं. २०१७ ची रेसमो सहा सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठणार होती. वर्ध्यातल्या कोणत्या रस्त्यावर, हे विचारायची चूक करू नका. २०११ च्या पिक्सेलवर मात्र त्याचा खरा जीव. दारं वर उघडणारी, वळायच्या वर्तुळाची त्रिज्या अवघी २.६ मीटर. ‘इतवाऱ्याच्या गल्लीत मधोमध गाय बसली असती, तरी जागच्या जागी फिरली असती.’ गाय की गाडी, हे तो स्पष्ट करत नाही.

बजाजचा विषय निघाला की हा बाहेरचा राहतच नाही. जमनालालजींचं गाव, म्हणजे बजाज घरचे. कारखाने आकुर्डी-चाकणला का असेनात. जानेवारी २००८ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात बजाजने लाइट नावाची छोटी मोटार दाखवली. त्याच मांडवात लाखाची नॅनो उभी राहिली आणि सगळी गर्दी तिकडे गेली. लाइट आलीच नाही. २०१२ मध्ये दाखवलेल्या आरई-६० ची पुढे क्यूट झाली: २१६ सीसी, ताशी ७० किलोमीटर, आणि कायद्याने मोटार नव्हेच, क्वाड्रिसायकल! भाऊने हा घरचा अपमान मानला. नॅनोवर त्याचा राग वेगळाच. ती सांगितल्याप्रमाणे आली, हाच तिचा गुन्हा.

या भक्तीचा खर्च वहिनी भरतात. लग्नात ‘एखाद्या वर्षात गाडी घेऊ’ असं ठरलेलं. तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनानंतर भाऊ म्हणतो, ‘थांब, याच्याहून भारी येऊन राह्यली.’ वहिनी पावसात, हातात भाजीची पिशवी घेऊन ऑटोला हात करतात आणि ऑटोवाल्याला सांगतात, ‘आमची अजून कन्सेप्टमध्येच आहे.’ माझ्या मते त्या घरातली विनोदबुद्धी सगळी त्यांच्याकडेच गेली आहे.

गेल्या काही वर्षांत भाऊवर खरं संकट आलं. २०२० मध्ये टाटांनी जुन्या सिएराची नवी कल्पना मांडली, तेव्हा त्याने आर्वी नाक्यावर छातीठोक सांगितलं, ‘हे काही येत नाही. लिहून घ्या.’ नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बाजारात आली. ठेल्यावरची पोरं त्याला ओढून ती पाहायला घेऊन गेली. विक्रेत्याने साहेब म्हटलं, चहा दिला, दार उघडून धरलं. भाऊ आत बसला, काचा निरखल्या आणि बाहेर आला. १९९१ च्या सिएराच्या मागच्या बाजूच्या काचा खरोखर छतात वळलेल्या होत्या. इथे काळा रंग देऊन तसा भास केलेला.

‘कन्सेप्टमधली मजा नाही,’ तो म्हणाला.

‘मग कोणती घ्याची, भाऊ?’

‘अविन्या. बावीस साली दाखवली. तिची सर कोणालेच नाही.’

‘ती बी येऊन राह्यली म्हणतात.’

भाऊने चहाचा कप खाली ठेवला. ‘कोण म्हणते?’