कैफियतीचा रकाना

आमच्या माळव्यातल्या पीपलरावांत आयपीएल रंगात येते तेव्हा गहू मंडीत गेलेला असतो आणि सोयाबीनची पेरणी लांब असते. गावाला काम कमी असतं. आमच्या नानांना तर निवृत्तीपासून नाहीच. उभा जन्म पटवारीगिरीत गेला. आता जमीन मोजायला मिळत नाही, म्हणून राजस्थान रॉयल्सचा नेट रनरेट मोजतात. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत, मंडीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर.

राजस्थानच का? उज्जैनचा नमन ओझा एके काळी तिकडून खेळायचा. तो केव्हाच दुसऱ्या संघात गेला, पण पटवाऱ्याच्या दप्तरात एकदा चढलेलं नाव सहजासहजी उतरत नाही.

२०२५ च्या हंगामाला नानांनी चक्क खसरा आखला. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : खसरा म्हणजे सात-बाराचा इकडचा भाऊ.) सामना, धावा, गुण आणि शेवटी ‘कैफियत’. पराभवाचं कारण तिथे लिहायचं. तो रकाना फार लवकर भरत गेला.

१६ एप्रिल, दिल्ली. शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ हवे होते, झाले आठ. बरोबरी, मग सुपर ओव्हरमध्ये हार. कैफियत : ‘सीमावाद.’

१९ एप्रिल, लखनऊविरुद्ध. पुन्हा शेवटच्या ओव्हरमध्ये नऊच. गोलंदाज आवेश खान, म्हणजे इंदूरचा. दोन रनांनी गेलो. नानांनी बराच वेळ पेन हवेत धरलं, मग लिहिलं : ‘आपलाच पोरगा.’ २४ तारखेला बंगळुरूविरुद्ध बारा चेंडूंत अठरा हवे असताना हेझलवूडने एकोणिसाव्या ओव्हरमध्ये एक रन दिला आणि दोन विकेट घेतल्या. बंगळुरूचा कप्तान कोण? रजत पाटीदार. तोही इंदूरचा. कैफियत : ‘भाऊबंदकी.’

मी म्हटलं, ‘‘नाना, आता सोडा. नऊ सामन्यांत दोन विजय.’’

‘‘बाळ, गेल्या वर्षी बंगळुरूचा पहिल्या आठांत एकच होता! सलग सहा जिंकले, चौदा गुणांवर गेले की नाही प्लेऑफला? आपले तर दोन आहेत. दुप्पट.’’

या हिशेबात चूक कुठे आहे हे मला आजही नेमकं सांगता येत नाही.

आणि मग २८ एप्रिल उजाडला. वैभव सूर्यवंशी, वय वर्षं चौदा. नानांनी त्याच्या नावापुढे आधीच लिहून ठेवलं होतं : ‘नाबालिग. सरपरस्त : राहुल द्रविड.’ त्या पोराने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक मारलं. पाय दुखावलेला द्रविड व्हीलचेअरवरून उठून उभा राहिला. इकडे नानाही उठले. गुडघ्यामुळे गेली दोन वर्षं ते संडासाला जातानाही भिंत धरतात. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘अहो, गॅस सिलिंडर उचलायचं होतं तेव्हा का नाही उठलात?’’ २१० चं लक्ष्य १५.५ ओव्हरमध्ये गाठलं होतं. रनरेट एवढा उडाला की नानांना नवी पावती घ्यावी लागली.

तीन दिवसांनी मुंबई. मुंबईच्या २१७. वैभव शून्यावर. राजस्थान १६.१ ओव्हरमध्ये ११७ वर गारद, शंभर रनांनी हार, प्लेऑफचं दार बंद. पण नाना अडले ते दुसरीकडेच.

‘‘११७ ला १६.१ ने भागलं की ७.२४ येतात. हे टीव्हीवाले ५.८५ कसे धरतात?’’

‘‘नाना, सगळे बाद झाले तर पूर्ण वीस ओव्हर धरतात.’’

‘‘खेळले सोळा, धरतात वीस? म्हणजे जमीन सोळा बिघे आणि सारा वीस बिघ्यांचा? बाळ, मी असली नोंद केली असती तर तहसीलदाराने मला घरी बसवलं असतं!’’

संघ बाद झाला याचं दुःख त्या रात्री झालंच नाही. बारापर्यंत सारा चालला. कैफियतीत त्यांनी एकच शब्द लिहिला : ‘पडीत.’

मला वाटलं, खसरा बंद झाला. ४ मेला कोलकात्याशी एका रनाने हरले, तेव्हा नानांनी फक्त ‘हं’ केलं आणि पोह्यांवर शेव जास्त घातली.

२५ मेच्या संध्याकाळी फोन वाजला. चेन्नईने गुजरातला ८३ रनांनी हरवलं होतं. मला कळेना, आपला काय संबंध.

‘‘अरे, चेन्नईचे आठ गुण झाले! आपलेही आठ! आता रनरेट बघावा लागणार!’’ पलीकडे पावत्या चाळल्याचा आवाज येत होता. काकू जेवायला हाका मारत होत्या. मग एक दीर्घ श्वास.

‘‘नववे आपण. ते दहावे. दशांशावर वाचलो रे, बाळ.’’

‘‘मग कैफियतीत काय लिहिलंत?’’

‘‘‘ताबा कायम.’’’