मटाराच्या दाण्याएवढं

(रंगमंचावर खुर्ची, खुंटीला टॉवेल. पंचविशीचा तरुण. मागे पॉवरलूमचा खटखटाट. तो हात वर करतो, आवाज थांबतो.)

मी राजपुऱ्याचा, म्हणजे बऱ्हाणपूरचा, म्हणजे मध्य प्रदेशातला. रेशनकार्ड हिंदीत, भांडण मराठीत.

हे गाल बघा. हसलो की पापुद्रे निघतात, म्हणून मी हसत नाही. आणि त्याच कोरड्या जागेवर पुटकुळ्या! म्हणजे वाळवंटात पूर. घरच्यांचा हिशेब सरळ : पुटकुळी म्हणजे तेल, तेल म्हणजे साबण. बाबा मोरीबाहेरून ओरडतात, "घास! अजून घास!" जेवढं घासावं तेवढी कातडी चिडते, चिडली की आणखी फुलते. त्यात बोअरचं जड पाणी. फेस येत नाही म्हणून पुन्हा साबण.

मामा म्हणतात, "त्या जुन्या भुयारातलं, कुंडी भंडाऱ्याचं पाणी मार तोंडावर. मुघल सरदार खानखानानं 1615 साली बांधलाय, अजून पाणी देतोय!" मामा, त्या भुयाराच्या भिंतींवर चुन्याची पुटं चढलीत. माझ्या गालावर काय चढेल?

शेजारच्या खाला. (ओढणी सावरल्याचा अभिनय) "बेटा, किले में मुमताज का हमाम है. बेगम क्या लगाती थी, मालूम?" कुणालाच नाही मालूम. खालाला मालूम : बेसन, हळद, लिंबू! अहो खाला, बेगम 1631 मध्ये इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. त्या बाईला गालाला लिंबू चोळायला सवड कधी मिळाली असेल?

आमचा जिल्हा केळ्यांचा. त्यामुळे इथे कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय केळ्याची साल, कारण ती फुकट. आत्यानं दोन्ही गालांवर मनापासून चोळली. पुटकुळ्या गेल्या नाहीत, चिलटं आली.

मग एक औषधवाला. नाव नाही सांगत. त्यानं आतेभावाला ट्यूब दिली, "तीन दिन में चमकेगा." चमकला! सगळा राजपुरा बघायला आला. ट्यूब संपली आणि तोंड लालभडक, आग आग, आणि पुटकुळ्या दुप्पट. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. औषधवाला म्हणाला, "चिठ्ठी मैं ही लिख देता हूँ."

(खुर्चीवर बसतो.)

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी गालाला हातसुद्धा लावला नाही. "घासणं बंद. सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. तोंड ओलसर असतानाच छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन. रात्री तोंड पूर्ण कोरडं करून अडापॅलीनचं मलम, मटाराच्या दाण्याएवढं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे."

बाबा म्हणाले, "बारा आठवडे? तेवढ्यात केळीच्या बागेला भाव पडून पुन्हा चढतो."

मॉइश्चरायझर लावून लूमवर गेलो. तिथे हवेत कापसाची तूस उडते. संध्याकाळी आरशात बघतो तर पांढरी दाढी! मालक म्हणाला, "या काका, बसा."

पण खरा घोटाळा मटाराचा. आईला ते मापच पटेना. (पदर खोचतो) "एवढुसं? संपूर्ण तोंडाला? आपल्याकडे पाहुण्याला असं वाढतात का?" रात्री मी झोपलेला बघून तिनं प्रेमानं, पोळीला तूप लावावं तसं थापलं. तिसऱ्या दिवशी गालाची सालं निघाली. डॉक्टरीणबाईंनी आईकडे बघितलं. आई छताकडे.

"आता काही दिवस फक्त मॉइश्चरायझर. मग एक रात्र आड, आणि मटाराएवढंच. आणि खाण्यात काय असतं?"

सगळं घर गप्प. मावा जलेबी! बऱ्हाणपुरात राहून आणखी काय असणार? त्या म्हणाल्या, साखर आणि दुधाचे पदार्थ काहींच्या पुटकुळ्या वाढवतात. मावा आणि पाक! दोन्ही आरोपी एकाच कढईत सापडले.

बाहेर आल्यावर आईनं चिठ्ठी दोन्ही बाजूंनी नीट वाचली.

"जलेबी बंद असं लिहिलंय का कुठे?"

"तोंडी म्हणाल्या."

"मग झालं तर." रात्री ताट मांडलं. झारा हातात. माझ्या गालांकडे बघितलं, जरा विचारात पडली.

"मटाराएवढी वाढू का रे?"

(खटखटाट पुन्हा सुरू. अंधार.)