फुकटच्या छत्रीला रिचार्ज मारणाऱ्या डिशवाल्यास

डिशवाले,

नमस्कार लिहिलेला नाही, तो मुद्दाम. तुमचं नावही लिहीत नाही. मोटरसायकलच्या मागे दोन छत्र्या आडव्या बांधून, खांद्याला वायरचं वेटोळं अडकवून तुम्ही पाड्यापाड्यांवर फिरता. बाजाराला येणारा जो तो तुम्हाला ओळखतो. नाव छापलं तर गोष्ट एकट्या तुमच्यापुरती राहील, आणि शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात तुमचाच धंदा करणारे आणखी आहेत. त्या सगळ्यांनी हे वाचावं. ज्यांच्या घरावर तुम्ही छत्र्या लावल्यात त्यांनी तर वाचावंच, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्यावं.

मी तानसा तलावाजवळच्या एका पाड्यावर शिकवते. यंदा जूनमध्ये पटावरच्या मुलांच्या घरी फिरत होते. एका कातकरी घरात टीव्हीवर फडकं टाकलेलं दिसलं. बिघडलाय का म्हणून विचारलं, तर मुलीची आई म्हणाली, "नाय बाई, रिचार्ज संपलाय. पैसं आलं का मारू." बॉक्स पाहिला तर डीडी फ्री डिशचा. मग तिने पत्र्याच्या डब्यातून तुमची चिठ्ठी काढून दाखवली. चौकटीच्या वहीचं फाडलेलं पान, त्यावर 'एक वर्ष पॅक, रु. ६००', खाली तुमची वळणदार सही. डब्यात अशा आणखीही चिठ्ठ्या होत्या, दर पावसाळ्याची एक. तिने त्या रेशनकार्डाबरोबर जपून ठेवल्या होत्या, कारण तिच्या लेखी ती पावती होती.

डीडी फ्री डिशला रिचार्ज नसतो. कधीच नव्हता. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू केली, पुढे नाव बदललं, पण तेव्हापासून आजपर्यंत तिला महिन्याचे पैसे नाहीत की वर्षाचे नाहीत. छत्री, तिच्या तोंडासमोरचा एलएनबी, वायर आणि बॉक्स यांचे काय ते एकदाच मोजायचे. पुढे कुणी दारात येऊन 'पॅक' मागितला तर तो खोटं बोलतोय.

मग वाहिन्या जातात कशा आणि तुम्ही आल्यावर परत येतात कशा? तुम्हाला हे पक्कं ठाऊक आहे, पण पत्र उघडं आहे म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. त्या वार्षिक जागांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. एप्रिल लागला की काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींच्या जागा बदलतात. बॉक्सला हे आपोआप कळतंच असं नाही. त्याला पुन्हा शोधायला सांगावं लागतं. रिमोटवर मेन्यू, मग इन्स्टॉलेशन, मग ऑटो स्कॅन. पडद्यावर पट्टी पुढे सरकते, वाहिन्यांची नावं उमटत जातात आणि काही मिनिटांत काम होतं. एवढ्याच कामाचे तुम्ही सहाशे रुपये घेता. ते करताना घरधन्याला बाहेर छत्रीपाशी उभं करता, "धरून ठेवा, हलू देऊ नका" म्हणून बजावता, आणि आत एकटे बसून रिमोट दाबता. चार बटणं कुणी पाहू नयेत म्हणून एका माणसाला पावसात उभं ठेवता.

बरं, वेळ कोणती साधता? ही कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. एप्रिलची अदलाबदल होते तेव्हा घर बंद असतं. जूनमध्ये येऊन टीव्ही लावतात तर निम्म्या वाहिन्या गायब. भट्टीचा हिशेब नुकताच झालेला असतो, उचल फिटून हातात चार पैसे उरलेले असतात, आणि नेमके त्याच आठवड्यात तुम्ही पाड्यावर उगवता. सहाशे रुपये म्हणजे नवरा-बायकोने चिखल मळून, साच्यात दाबून, उन्हात ओळीने मांडलेल्या किती विटा, हे त्यांना एकदा विचारा. ते बोटांवर मोजून सांगतील.

पैशांचं इथे थांबवते, कारण काम तरी धड केलंत का, हेही विचारायचं आहे.

त्या घरावर छत्री चढली २०१९ च्या मेमध्ये. घराच्या आग्नेयेला, अंगणाला लागून, दोन साग उभे आहेत. मेमध्ये सागाला पान नसतं. तुम्हाला फांद्यांमधून आभाळ दिसलं आणि तुम्ही तिथूनच नेम धरलात. जन्म याच जंगलपट्टीत काढलेल्या माणसाला साग पावसाळ्यात पानावर येतो हे सांगावं लागतं? जून सरता सरता सुपाएवढी पानं आडवी आली आणि चित्राचे चौकोन पडायला लागले. तक्रार केली तेव्हा तुम्ही सल्ला दिलात की साग तोडा. तानसा अभयारण्याच्या पट्ट्यात, कातकऱ्याला, साग तोडा! कुऱ्हाड लागली असती तर वनरक्षक तुमच्या दारात गेला नसता. छत्री अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली असती तर झाडाचा प्रश्नच नव्हता. पण त्याला वायर जास्त लागली असती.

छत्री ठोकली कुठे, तर कुडाच्या भिंतीच्या मेढीला, चार खिळ्यांवर. वारा आला की मेढ हलते, मेढ हलली की छत्री हलते. लोखंडी पाइप जमिनीत रोवून, ओळंबा लावून सरळ करून, बुडाला सिमेंट घालायचं, ही या कामातली पहिली पायरी. पाइप तिरका असला तर पुढची सगळी मापं चुकतात. वायरला मधोमध जोड दिलात आणि त्यावर साधी काळी टेप गुंडाळलीत. ती सोडवली तेव्हा आत पाणी होतं आणि तार हिरवी पडली होती. अर्थिंगचा पत्ताच नाही, आणि इथे जूनच्या सुरुवातीला वीज कशी कडाडते ते तुम्हीही ऐकता.

खरी गोम दिशेत आहे. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो २०१५ च्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून एरियन रॉकेटने वर गेला आणि विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तानशाहून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ ते ५८ अंश वर येतो. छत्री ऑफसेट पद्धतीची असते, म्हणून तिचं तोंड त्याहून बरंच खाली बघतंय असं वाटतं. नवख्याची चूक तिथे होते. पण तुम्ही नवखे नाही. आपल्या दोन फुटी छत्रीला एक-दोन अंशांची चूकही महागात पडते, आणि अवघ्या दीड अंशावर, ९५ अंशांना, दुसरे उपग्रह आहेत.

तुम्ही काय केलंत? सेटिंगच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. तुम्ही घरच्यांना स्ट्रेंग्थची लांबलचक पट्टी दाखवलीत आणि "फुल सिग्नल" म्हणून निघालात. ती पट्टी छत्री भलतीकडे असली तरी भरलेली दिसू शकते. एलएनबी आणि वायर चालू आहेत यापलीकडे ती फारसं काही सांगत नाही. हवा तो उपग्रह किती स्वच्छ लागलाय ते क्वालिटीवर कळतं. पाड्यावरच्या दोन पोरांना घेऊन मी ते पान उघडलं तेव्हा क्वालिटी ४२ होती. त्यातल्या एकाने छत्रीच्या वरच्या काठाला नुसतं बोट लावून मागे रेटलं, तर ती ६५ वर गेली. बोट काढलं, पुन्हा ४२. नीट बसवलेल्या छत्रीची परीक्षाच ती: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कुठेही रेटा, क्वालिटी उतरली पाहिजे. एखादीकडे चढत असेल तर छत्री अजून जागेवर नाही. मग नट किंचित सैल करायचा, केसभर सरकवायचं, बॉक्सला दोन-तीन सेकंद द्यायचे, पुन्हा बघायचं. शेवटी एलएनबी आपल्या जागी थोडा थोडा फिरवून जिथे आकडा सर्वात वर जातो तिथे कसायचा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम. दहावी नापास म्हणून घरी बसलेल्या पोराने ते समजून घेऊन केलं. तुम्ही इतकी वर्षं याच धंद्यात आहात.

आणि या आळसावर पांघरूण घालायला तुमचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पावसात असंच होतं." त्यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे. घरगुती छत्र्या ज्या कू-बँडवर चालतात त्या लहरींना पावसाचे थेंब शोषतात, विखुरतात. जुलैत ढग फुटल्यासारखा कोसळला की उत्तम बसवलेली छत्रीही थोडा वेळ आंधळी होते. पण सर ओसरली की चित्र परत यायला हवं. क्वालिटी काठोकाठ असेल तर साध्या पावसात काही बिघडत नाही. ४२ वर सोडलेली छत्री झिमझिमीतही मान टाकते. त्या घरात चार महिने टीव्ही बंद राहिला तो पावसामुळे नाही, तुमच्यामुळे.

याची किंमत काय झाली ते सांगते. २०२० मध्ये शाळा बंद होत्या. मोबाइलला इथे तलावाच्या बांधावर जाऊन रेंज शोधावी लागायची. ऑनलाइन वर्ग हा शब्द आमच्या पाड्याने फक्त ऐकला. त्या जुलैच्या २० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, मराठीत, घरच्या आणि परसातल्या वस्तूंतून शिकवणारं. सह्याद्री फ्री डिशवर दिसते, फुकट दिसते. ज्या मुलांकडे फोन नव्हता त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी ती एक वाट होती. महिना जुलैचा, साग पानांनी भरलेला, क्वालिटी तळाला. या घरातली मोठी मुलगी तेव्हा तिसरीत होती. आईने तुम्हाला निरोप धाडला होता. तुमचं उत्तर आलं की आधी रिचार्ज मारा, मग बघू. ती मुलगी आता शाळेत नाही. त्याला कारणं अनेक आहेत, सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही; पण त्या वर्षी जे तिच्या घरात येऊ शकत होतं ते तुम्ही दारात अडवलंत, एवढं तुमच्या नावावर आहे.

या देशात उपग्रहावरचा टीव्ही पहिल्यांदा शहरात आला नव्हता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी धडे. छत्र्या दहा फुटी, जाळीच्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण त्यामागचा विक्रम साराभाईंचा विचार सगळ्या देशासाठी होता: जिथे काहीच पोहोचत नाही तिथे हे आधी पोहोचावं. इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत जे आभाळातून आमच्या कौलापर्यंत आणून सोडलं, ते शेवटच्या दोन अंशांत तुम्ही घालवलंत.

तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. जाडजूड नळ आमच्या रानातून जातात आणि मेमध्ये याच तालुक्यातल्या बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. इथून जातं त्याचं मोल आम्हाला कधी मिळालं नाही. इथे येणारं असं एकच फुकट होतं. त्याचेही तुम्ही पैसे लावलेत.

आता काय करायचं ते ऐका. पाड्यावर ज्यांच्याकडे तुमच्या चिठ्ठ्या आहेत त्या मी एकत्र केल्या आहेत. 'पॅक'चे म्हणून घेतलेले सगळे पैसे ज्याचे त्याच्या हातात परत द्या. छत्री बसवल्याचे पैसे कुणी मागत नाही. मेहनत मोडकीतोडकी का होईना, केलीत. परत दिले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आम्ही लावू, आणि तिथे भागलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या त्यात बसतात. त्याआधीच्या पैशांसाठी कायदा तुमच्या मागे लागणार नाही. ते तुम्ही आपणहून द्यायचे आहेत.

ऑटो स्कॅन कसा करायचा ते मोठ्या अक्षरांत लिहून अंगणवाडीच्या दारावर लावलंय. शेजारच्या पाड्यांवरही तोच कागद जातोय. त्या दोन पोरांनी आतापर्यंत बऱ्याच छत्र्या जागेवर आणल्या आहेत आणि ते कुणाकडून चहापलीकडे काही घेत नाहीत. या घरची छत्री सागापासून लांब, अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात पाइपवर गेली आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी शाळेत आहे. पैसे घेऊन या. चिठ्ठ्या तोवर माझ्याकडे राहतील.

तानसा परिसरातली एक शिक्षिका