तांडेलाची हरकत

मालाडच्या माइंडस्पेसमधल्या काचेच्या इमारतींत ‘युजर रिसर्च’ नावाचा एक विधी चालतो. वापरणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीवर डकवायच्या, मग त्यांच्या स्लाइड करून कोड लिहिणाऱ्यांना दाखवायच्या. कोड लिहिणारे तेवढा वेळ लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतात. पण निदान दाखवतात तरी! खाडीपल्याड मढच्या कोळ्याला कुणी युजर समजत नाही. त्याची फार तर ‘हरकत’ नोंदवून घेतात.

वरळीचंच बघा. कोस्टल रोड सी लिंकला जोडणाऱ्या पुलाखालून क्लीव्हलँड बंदरच्या होड्या समुद्रात जातात. आराखड्यात खांबांमधलं अंतर 60 मीटर. कागदावर ते ऐसपैस, कारण कागदाला वारा लागत नाही. होड्या हाकणारे तांडेल सांगत होते, तळाला खडक आहे, पाण्याला ओढ आहे, होडी सरळ रेषेत चालत नाही. निदान 160 मीटर सोडा. हे शुद्ध मोजमाप होतं. दप्तरी मात्र त्याची नोंद ‘विरोध’ अशी झाली. 2021 मध्ये कोळ्यांनी होड्या घेऊन काम रोखलं. डिसेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनी 120 मीटर जाहीर केले आणि मधला खांब गळाला. होडीत बसून एका फेरीत कळलं असतं, ते अभियंत्यांना मंत्रालयामार्फत कळलं.

सगळा दोष अभियंत्यांचा नाही. त्यांच्या टेबलावर तांडेल पोचतच नाही, पोचतं ते निवेदन. ‘उपजीविकेवर गदा’ या शब्दांतून खांबांमधलं अंतर कोण काढणार? पवईच्या आयआयटीत 1969 पासून डिझाइनचं शिक्षण मिळतं. तिथल्या एखाद्या पोराला वही देऊन बंदरावर बसवलं असतं, तरी भागलं असतं.

आता मढ-वर्सोवा पूल येतोय. फेरीबोटीने पाचेक मिनिटांची खाडी, रस्त्याने मालाडचा वीसेक किलोमीटरचा वळसा. रात्री आजारी माणूस घेऊन तो वळसा घातलेला कुणीही पुलाला नाही म्हणणार नाही. पण त्याच खाडीतून होड्याही ये-जा करतात. तेव्हा साहेब, पाहणीला अवश्य या, फक्त जून-जुलैत येऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, खाडी मोकळी दिसते, आणि मोकळ्या खाडीत कुठलाही खांब छान बसतो.