किल्लेदार

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बोईसरच्या एखाद्या तरी सोसायटीत पन्नाशीच्या एका गृहस्थाची नजर बदलते. रस्त्याकडेला पडलेला मातीचा ढीग, कंपनीच्या भंगारातला थर्माकोल, शेजाऱ्याच्या बांधकामावरच्या फुटक्या विटा, सगळ्याकडे तो मालकीहक्काने पाहू लागतो. यालाच आम्ही किल्लेदार म्हणतो. एमआयडीसीत आयुष्य काढलं, पण तिथे याच्या शब्दावर एक व्हॉल्व्ह फिरत नाही. त्याची सगळी हुकमत दिवाळीतल्या सहा बाय चार फुटांच्या किल्ल्यात.

कोणी विचारलंच तर सांगतो, ‘पोरासाठी करतोय.’ पोरगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्याचं लग्नही ठरलंय.

बाकीचे लोक रायगड करतात, सिंधुदुर्ग करतात. याचा किल्ला दरवर्षी एकच, तारापूर. तारापूर म्हटल्यावर लोकांना १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं, हे त्याचं जुनं दुखणं. ‘अरे, जानेवारी १७३९मध्ये इथे काय झालं माहितेय?’ असं तो लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा टेकून विचारतो आणि पालघर येईपर्यंत सांगून संपवतो. चिमाजीअप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची उत्तर कोकणातली मोहीम, माहीम-केळवे घेऊन पुढे सरकलेली फौज, तटाला शिड्या, बुरुजाखाली सुरुंग. मे महिन्यात वसई पडली ती सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याआधी तारापूर पडावं लागलं हे कोणी लक्षात घेत नाही.

तो नुसता किल्ला करून थांबत नाही, त्यावर लढाई खेळतो. जोडीला शिफ्टमधले चार मित्र, सापशिडीतले फासे आणि मेंटेनन्सची पोलादी टेप. पायदळ एका डावात सहा इंच चालणार, घोडदळ बारा, खंदकात उतरलं की निम्मं. बंदुकीची गोळी लागली की नाही ते फासा ठरवणार. बायको म्हणाली, ‘अहो, हे काय या वयात?’ तर त्याचं उत्तर तयार असतं. प्रशियाच्या फौजेतले अधिकारी १८२४पासून फासे टाकून असंच युद्ध शिकत होते आणि एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर अख्खं पुस्तक लिहिलं. बायको म्हणते, ‘त्यांच्या दारात रांगोळी काढायची नसेल.’

अडचण आहे ती सैन्याची. बाजारात मावळे मिळतात, भाजीवाली मिळते, वाघसुद्धा मिळतो, पण पोर्तुगीज मिळत नाही. मग किल्लेदार मावळे विकत आणतो, कानशीने पगडी घासतो आणि एम-सीलची टोपी बसवून त्याला फिरंगी करतो. मिशा मात्र तशाच राहतात. मापाचाही प्रश्न आहेच. एका साच्यातला मावळा तीन इंचांचा, दुसऱ्यातला घोडा अडीच इंचांचा. तेव्हा घोडेस्वारांनी घोडा शेजारी उभा करून लढावं, असा नियम झाला.

खरा वाद पुढेच आहे. पोर्तुगीज व्हायला कोणी तयार नसतं. वसईचा एक ख्रिस्ती मित्र आहे. दरवर्षी सगळे त्याच्याकडे आशेने पाहतात. तो शांतपणे सांगतो, ‘आम्ही घरात सामवेदी बोलतो, पोर्तुगीज नाही. मी मराठ्यांकडूनच.’ मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकरांची बाजूही कोणाला नको असते. ते तारापूरच्या लढाईत पडले, म्हणजे तो गडी मध्येच उठणार आणि फराळाच्या ताटल्या आणायला आत जाणार. त्या वेळी मात्र किल्लेदार कोणाला हात लावू देत नाही. बाजींचा मावळा स्वतः उचलतो, धोतराच्या टोकाने पुसतो आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो. आडवा नाही, उभा.

शेवटी पोर्तुगीज कोण होतं? हाच! वर्षभर चिमाजीअप्पांचं नाव घेणारा हा मर्द मराठा लढाईच्या दिवशी फिरंग्यांच्या बाजूला जाऊन बसतो. कारण साधं आहे. चिंचणीच्या किनाऱ्यावरून वाळू आणून, ती पिठाच्या चाळणीने चाळून (चाळणीवरून घरात वेगळं युद्ध झालं), फेविकॉलमध्ये कालवून त्याने जो बुरूज लिंपलाय, तटावर ब्रशाच्या मागच्या टोकाने एकेक दगड कोरलाय, खाली मोहरी पेरून गवत उगवलंय, ते सगळं दुसऱ्याने फोडायचं? मराठ्यांनी सुरुंग लावला रे लावला की हा नियमांची वही काढतो. बारूद ओली झाली. भरती आली. सुरुंगाला सहाच्या वर दान पडलं पाहिजे, आणि फाशावर सहाच्या वर आकडा नसतो. इतिहासात तट फुटला आणि किल्ला पडला. बोईसरला मात्र तो अजून पोर्तुगीजांच्याच ताब्यात आहे.

यंदा मित्रांनी कंटाळून तहाची कलमं लिहून आणली. सुरुंगाला परवानगी द्यावी. एकच बुरूज पाडू, तोही रस्त्याकडून न दिसणारा. दुरुस्तीची वाळू आणि सिमेंट मराठ्यांच्या खर्चाने. किल्लेदाराने कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘आणि रंग?’